थंड इंजिनांची रांग : मराठवाड्याच्या मीटर गेजचा देखावा कसा असावा आणि कसा नसावा

१/
बदनापूर, जालना, रांजणी, परतूर. या स्थानकांवरून सुमारे नव्वद वर्षे मीटर गेजची गाडी धावली. आज त्या रुळांचा मागमूस शोधावा लागतो. त्या काळाची आठवण म्हणून कोणी प्रतिकृती केलीच, तर ती एकाच साच्याची असते : लखलखीत काळे इंजिन, पितळी पट्ट्या, कापसाचा धूर आणि पुढे झेंडूचा हार. हा साचा इतिहासाशी प्रामाणिक नाही. मराठवाड्याच्या रेल्वेची खरी गोष्ट सांगायची असेल, तर थंड पडून उभ्या असलेल्या इंजिनांच्या रांगेचा देखावा केला पाहिजे. तो का आणि कसा, याविषयीचा हा थ्रेड.

२/
‘डायोरामा’ हा शब्द परका वाटला तरी ती कला मराठी घराला परकी नाही. गणपतीपुढचा देखावा हा डायोरामाच असतो. दिवाळीत अंगणात उभा राहणारा मातीचा किल्ला हाही डायोरामाच. ठरावीक जागा आणि ठरावीक क्षण लहान आकारात उभा करायचा, एवढाच त्याचा अर्थ. फरक इतकाच की दिवाळीच्या किल्ल्यावर कायम राज्याभिषेकाचा दिवस असतो. १८१८ नंतर इंग्रजांनी दरवाजे पाडलेला, वाटा उद्ध्वस्त केलेला किल्ला कोणी बांधत नाही. वैभवाचा क्षण निवडायचा आणि शेवटाचा क्षण गाळायचा, ही सवय रेल्वेच्या प्रतिकृतींतही उतरली आहे.

३/
आधी एक भेद स्पष्ट असावा. शेडबाहेर उभे असलेले प्रत्येक इंजिन भंगार नसते. काही इंजिने दुरुस्तीची वाट पाहत असतात. काही राखीव म्हणून उभी असतात. गरज पडली तर त्यांत पुन्हा विस्तव पेटणार असतो. काहींवर ‘कंडम’ हा शेरा बसलेला असतो आणि त्यांना फक्त लिलावाची प्रतीक्षा असते. तिन्ही प्रकारची इंजिने एकाच रांगेत उभी असू शकतात. रांग पाहणाऱ्याला ती सारखी दिसतात; अभ्यास करणाऱ्याला ती सारखी दिसता कामा नयेत.

४/
आता या रुळांचा जन्म. हैदराबाद संस्थानातला पहिला लोहमार्ग म्हणजे १८७४ साली सुरू झालेला वाडी–सिकंदराबाद हा ब्रॉडगेज मार्ग. १८८३ मध्ये निजामाज गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी उभी राहिली. नावातले ‘गॅरंटीड’ महत्त्वाचे : कंपनीच्या भांडवलावरील व्याजाची हमी निजाम सरकारने घेतली होती. म्हणजे भांडवल लंडनच्या बाजारातले आणि जोखीम संस्थानच्या तिजोरीची. त्या तिजोरीत मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा सारा जमा होत असे.

५/
याच व्यवस्थेतून हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे निघाली. हैदराबादहून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद अशी ती ब्रिटिश मुलखातल्या मनमाडला येऊन मिळाली. लांबी सुमारे ३९० मैल, काळ १९०० च्या आसपासचा. रूळ मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांमधले अंतर १००० मिलिमीटर. मनमाडला भेटणारा जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग मात्र ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरचा. मीटर गेज निवडण्यामागे मुख्य कारण खर्चाचे होते. अरुंद मार्गाला भराव कमी, पूल हलके, रूळ हलके.

६/
वाचलेल्या त्या पैशाची किंमत पुढची नव्वद वर्षे मराठवाड्याने मोजली. जालन्याच्या बाजारातून निघालेला माल मुंबईकडे जायचा, तर मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. प्रवाशांचेही तेच. वेळ जाई, हमाली वाढे, माल खराब होई. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या व्यापारी गावाने मिरवली, त्या गावाचा माल मनमाडच्या फलाटावर अडकत होता. गेज हा तांत्रिक तपशील वाटतो. प्रत्यक्षात तो एका प्रदेशावर बसवलेला कायमचा जकातनाका होता.

७/
१९३० मध्ये निजाम सरकारने ही रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेचा भाग झाली आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेकडे हा मार्ग पुढे गेला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हाही जिल्ह्याच्या मुख्यालयातून मीटर गेजच जात होती. कंपनी, निजाम, भारत सरकार असे तीन मालक बदलले. रुळांमधले अंतर बदलले नाही.

८/
इंजिनांकडे वळण्यापूर्वी अक्षरांची किल्ली. भारतीय रेल्वेच्या वर्गनामात पहिले अक्षर गेज सांगते : डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटर गेज, झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज. वाफेच्या इंजिनांत दुसरे अक्षर काम सांगते : पी म्हणजे प्रवासी, जी म्हणजे माल. म्हणून वायपी हे मीटर गेजचे प्रवासी गाडीचे इंजिन आणि वायजी हे मालगाडीचे. डब्ल्यूपी हे बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचे देखणे इंजिन ब्रॉडगेजचे. मीटर गेजच्या काळात ते जालन्यात येणे शक्यच नव्हते. तरीही ‘जुने जालना स्टेशन’ म्हणून केलेल्या देखाव्यात तेच नाक दिसले, तर तो देखावा पहिल्याच पायरीवर घसरला असे समजावे.

९/
वायपी आणि वायजी ही निजामाच्या काळातली इंजिने नव्हेत, हे ठामपणे सांगायला हवे. दोन्हींची निर्मिती सुरू झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये. वायपीची पहिली २० इंजिने अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून आली. पुढे जमशेदपूरच्या टेल्को कारखान्यात ती मोठ्या संख्येने तयार झाली. १९७० पर्यंत एकूण ८७१ वायपी बांधली गेली. वायजीची संख्या १०७४. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७२ मध्ये बाहेर पडलेले शेवटचे वाफेचे इंजिन वायजी वर्गाचेच होते.

१०/
या सनावळीतून एक साधे गणित निघते आणि सगळा वाद त्याच गणिताचा आहे. १९७० साली बांधलेले इंजिन १९९० मध्ये वीस वर्षांचे असते. वाफेच्या इंजिनाचे हिशेबी आयुष्य साधारण चाळीस वर्षांचे धरले जाई. विदर्भात मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरच्या ‘शकुंतले’चे, १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. म्हणजे यंत्राची काळजी घेतली तर ते सत्तर वर्षेही चालते. मग विशी-तिशीतली वायपी-वायजी रांगेत थंड का पडली?

११/
पहिले उत्तर डिझेल. मीटर गेजसाठीची वायडीएम-४ ही डिझेल इंजिने १९६० च्या दशकाच्या आरंभापासून येऊ लागली. डिझेल इंजिनाला विस्तव पेटवून वाफ धरेपर्यंत तासन् तास थांबावे लागत नाही, वाटेत पाणी भरावे लागत नाही, राख काढावी लागत नाही. रेल्वेच्या हिशेबात ते सरस होते, यात शंका नाही. पण हे ज्ञात असतानाही वाफेची इंजिने १९७२ पर्यंत बांधली जात राहिली. कोळसा देशात होता, तेल आयात करावे लागे, डिझेल इंजिनांची संख्या अपुरी होती. दोन धोरणे समांतर चालली आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीत ही तरुण इंजिने सापडली.

१२/
दुसरे उत्तर रुंदीकरण. १९९१ च्या सुमारास देशातले एकतृतीयांशाहून अधिक लोहमार्ग मीटर गेजचे होते. १९९२ मध्ये ‘युनिगेज’ प्रकल्प हाती घेतला गेला आणि एकामागून एक मार्ग ब्रॉडगेज होत गेले. मनमाड–औरंगाबाद–जालना–परभणी या मार्गाचे रुंदीकरणही १९९० च्या दशकातलेच. १००० मिलिमीटरचे इंजिन १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर चालवता येत नाही. दुसऱ्या मीटर गेज विभागात पाठवावे, तर तिथेही हेच चालू. ज्या रुळांसाठी ही इंजिने घडवली, ते रूळच उरले नाहीत.

१३/
इथे हळहळ्या मंडळींना एक कटू गोष्ट ऐकवली पाहिजे. रुंदीकरण मराठवाड्यावर लादले गेले नव्हते. ती मराठवाड्याची मागणी होती. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी ती वर्षानुवर्षे लावून धरली. मनमाडच्या फलाटावर सामान उतरवून पुन्हा चढवणाऱ्या माणसाला मीटर गेज गोंडस वाटत नव्हती. म्हणून थंड इंजिनांच्या रांगेपुढे नुसते अश्रू ढाळणे म्हणजे त्या मागणीचा अपमान आहे. जिंकलेल्या लढ्याचीही काही किंमत मोजलेली असते. ती रांग त्या किमतीची पावती आहे.

१४/
आता प्रतिकृतींमधल्या दोन असत्यांकडे. पहिले असत्य चकाकीचे. स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभे केलेले, दरवर्षी रंग मारलेले, चाकांच्या कडा पांढऱ्या केलेले इंजिन हे त्याचे मूळ रूप. घरातली प्रतिकृती त्याचीच नक्कल करते. ते इंजिन सगळे सांगते, फक्त ते का थांबले एवढे सांगत नाही. त्याच्यासमोर छायाचित्र काढणाऱ्या मुलाच्या मनात प्रश्नच उभा राहत नाही, कारण चौथऱ्यावरची वस्तू सत्काराला बसलेली असते.

१५/
दुसरे असत्य गंजाचे, आणि ते अधिक धूर्त आहे. परदेशी प्रतिकृतींची छायाचित्रे पाहून काही हौशी मंडळी इंजिनावर तांबूस रंग फासतात, वेली चढवतात, एखादे धुके सोडतात आणि ‘काळाच्या ओघात’ असे शीर्षक देतात. या शीर्षकात कर्ता नाही. जणू काळ नावाच्या कोणी गृहस्थाने येऊन इंजिने थांबवली. इंजिने थांबवली ती कागदावरच्या निर्णयांनी. वीस वर्षांच्या यंत्राला दोनशे वर्षांच्या वाड्यासारखे रंगवणे म्हणजे धोरणाला निसर्गाचा बुरखा घालणे.

१६/
हे फक्त भारतात घडले असे नाही. ब्रिटनमध्ये ‘इव्हनिंग स्टार’ हे ब्रिटिश रेल्वेने बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन १९६० मध्ये तयार झाले आणि अवघ्या पाच वर्षांत, १९६५ मध्ये सेवेतून काढले गेले. वेल्समधल्या बॅरी इथे वुडहॅम बंधूंच्या भंगारवाड्यात अशी शेकडो इंजिने येऊन पडली. आधी वॅगन तोडण्याचे काम हाती घेतल्यामुळे इंजिने वर्षानुवर्षे उभी राहिली. त्यांनी विकत घेतलेल्या २९७ पैकी २१३ इंजिने हौशी लोकांनी वर्गणी काढून सोडवून नेली. बॅरीच्या त्या रांगा तिथल्या प्रतिकृतीकारांचा आवडता विषय आहेत, कारण ती रांग हा निर्णयाचा पुरावा आहे हे त्यांना उमगले आहे.

१७/
मग प्रामाणिक देखावा कसा करावा? पहिली शुभवार्ता अशी की हा रेल्वे प्रतिकृतीचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. थंड इंजिन चालत नाही. म्हणून मोटर नको, वीज नको, महागडे आयात रूळ नकोत. सनबोर्ड, पुठ्ठा, प्लॅस्टिकचा पातळ पत्रा, रिकाम्या रिफिली, तार आणि फेव्हिकॉल यांवर काम भागते. पुण्याच्या कोथरूडमधले जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय धावत्या गाड्यांचे जग दाखवते आणि तसे जग उभारायला आयुष्य द्यावे लागते. उभ्या इंजिनांची रांग मात्र परतूरच्या शाळेतली चार मुले एका सुट्टीत करू शकतात.

१८/
दुसरी गोष्ट मोजमापाची. १:८७ हे प्रमाण सोयीचे. त्या प्रमाणात मीटर गेजच्या रुळांमधले अंतर साडेअकरा मिलिमीटर येते. वायपीची टेंडरसह लांबी साधारण १९ मीटर. प्रतिकृती सुमारे २२ सेंटिमीटरची होते. वायपीला मोठ्या चाकांच्या तीन जोड्या, प्रत्येक चाकाचा व्यास १३७२ मिलिमीटर, प्रतिकृतीत पावणेसोळा. वायजीला चार जोड्या, व्यास १२१९, प्रतिकृतीत चौदा. प्रवासी इंजिनाला वेगासाठी मोठे चाक, माल ओढणाऱ्याला जोरासाठी लहान चाके आणि जास्त जोड्या. चौदा आणि पावणेसोळा यांतला फरक कापून पाहणाऱ्या मुलाला हे तत्त्व पुन्हा शिकवावे लागत नाही.

१९/
तिसरी गोष्ट जमिनीची. बाजारात मिळणाऱ्या परदेशी रुळांखाली लाकडी स्लीपर असतात. भारतात वाळवीमुळे आणि लाकडाच्या टंचाईमुळे ओतीव लोखंडाचे स्लीपर मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्यांत रुळाखाली दोन्ही बाजूंना लोखंडी थाळ्या आणि त्यांना जोडणारी पट्टी असते. शेडच्या भोवतालची जमीन राखेने करडी-काळी झालेली असते आणि त्यापलीकडे मराठवाड्याची काळी माती सुरू होते. खरी माती आणून पसरली तरी चालते. पण ती तलम कापडातून गाळून घ्यावी, नाहीतर १:८७ मध्ये प्रत्येक ढेकूळ धोंड्याएवढे दिसते.

२०/
चौथी गोष्ट झाडोऱ्याची, आणि इथे इतिहासाची खरी परीक्षा होते. इंग्रजी आयव्हीची वेल जालन्याच्या देखाव्यात निरर्थक आहे. इथे हव्यात वेडी बाभूळ, रुई, टणटणी आणि गाजरगवत. त्यातही गाजरगवत तारीख सांगते. ते भारतात प्रथम ठळकपणे नोंदले गेले पुण्यात, १९५० च्या दशकाच्या मध्यात, आणि मग देशभर पसरले. म्हणून १९८० च्या दशकातल्या रांगेत गाजरगवत हवेच. १९३० सालच्या देखाव्यात ते दिसले तर चूक. गवताच्या एका जातीवरून देखाव्याचा काळ तपासता येतो, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याला आनंद देणारी गोष्ट आहे.

२१/
पाचवी गोष्ट गंजाची. गंज सगळीकडे सारखा चढत नाही. धूरपेटीवरचा रंग उष्णतेने आधीच जळालेला असतो आणि आत उरलेली राख ओलाव्यात मुरली की पत्रा कुरतडते. म्हणून इंजिनाचे तोंड आधी लाल होते. बॉयलरवरच्या आवरणाचा काळा रंग विटून राखाडी होतो. चालकाच्या खोलीत हात लागून गुळगुळीत झालेल्या मुठी शेवटपर्यंत चमकतात. शिवाय मराठवाडा हा कोकण नव्हे. इथे वर्षातले आठ महिने गंजापेक्षा धुळीचे राज्य असते. वेल्सच्या पावसातला केशरी गंज जालन्याच्या इंजिनावर चढवणे म्हणजे दुसऱ्याचे हवामान उसने आणणे.

२२/
सहावी गोष्ट उणिवांची. थंड इंजिनाचे सत्य त्याच्या हरवलेल्या भागांत असते. ओढून नेण्यासाठी जोडदांडे उतरवलेले असतात. पितळी-तांब्याचे भाग आधी जातात, कारण त्यांना भाव असतो. टेंडर रिकामा असतो. राखीव इंजिनात यांतले बरेच शाबूत असते. कंडम इंजिनात नसते. म्हणून सहा इंजिनांची रांग केली तर सहाही एकाच अवस्थेत दाखवू नयेत. पहिले जवळजवळ पूर्ण, शेवटचे निम्मे उघडे. रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना प्रेक्षकाला निर्णयाचे टप्पे दिसले पाहिजेत.

२३/
सातवी गोष्ट माणसांची. बहुतेक देखाव्यांत माणूस असतो तो हातात झेंडा घेतलेला गार्ड. वाफेचे इंजिन ड्रायव्हर, फायरमन, खलासी, फिटर, बॉयलर धुणारे, कोळसा भरणारे आणि राख उपसणारे अशा माणसांच्या घामावर चालत असे. उन्हाळ्यात भट्टीच्या तोंडाशी उभे राहून कोळसा फेकणे हे काम रम्य नव्हते. इंजिन थंड झाले तेव्हा फायरमनचा ‘डिझेल असिस्टंट’ झाला. राख उपसणाऱ्याचे कामच संपले. रांगेच्या बाजूला डबा उघडून बसलेले दोन खलासी दाखवले, तर देखावा इंजिनांपुरता राहत नाही.

२४/
आठवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रामाणिक पाटीची. या मार्गावर मीटर गेजचे मोठे लोको शेड होते ते परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनला. गावाच्या अभिमानापोटी ते उचलून जालन्यात आणू नये. पूर्णेचा देखावा करायचा तर पूर्णा असेच लिहावे. जालना किंवा परतूरच्या साइडिंगवर इंजिने उभी दाखवायची, तर तसे छायाचित्र किंवा साक्ष हाती असावी; नसेल तर पाटीवर ‘काल्पनिक दृश्य’ असे स्पष्ट लिहावे. किल्ल्याखाली ‘प्रतापगड’ लिहून मनाचा बुरूज जोडणाऱ्यांनी इतिहासाचे पुरेसे नुकसान केले आहे.

२५/
यावर नेहमीचे आक्षेप येतात. पहिला : ‘छायाचित्रे आहेत की, प्रतिकृती कशाला?’ वाफेची इंजिने टिपायला देशविदेशातून छायाचित्रकार आले, हे खरे. पण त्यांतल्या बहुतेकांना हवे होते धावते इंजिन, सकाळचे ऊन आणि धुराचा लोट. छायाचित्र चौकटीबाहेरचे लपवू शकते. प्रतिकृतीला ती मुभा नाही. रांगेमागे काय होते, दोन रुळांमध्ये किती जागा होती, राखेचा खड्डा कुठे होता, हे सगळे बांधणाऱ्याला ठरवावे लागते आणि ठरवण्यासाठी विचारावे लागते. प्रतिकृती ही प्रश्नांची यादी असते.

२६/
दुसरा आक्षेप : ‘संग्रहालये आहेत.’ दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये सुरू झाले. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे. दोन्ही मोलाची. पण संग्रहालय निवडक इंजिने वाचवते आणि वाचलेले इंजिन हा अपवाद असतो. ८७१ वायपींपैकी बहुसंख्यांच्या वाट्याला आली ती रांग, मग लिलाव, मग गॅस कटर. नियमाचा इतिहास अपवादावरून शिकवता येत नाही. तिसरा आक्षेप : ‘मुलांना उदास गोष्ट कशाला दाखवायची?’ ज्या मुलांना पानिपत शिकवता येते, त्यांना थंड इंजिनही दाखवता येईल.

२७/
आणि जालना जिल्ह्याने तरी या विषयाला नाक मुरडू नये. लोखंडी भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल ही या शहराची ओळख आहे. ‘भंगार’ हा शब्द इतर ठिकाणी अवहेलनेचा असेल; जालन्यात तो कच्च्या मालाचा आहे. यंत्र संपते, धातू संपत नाही, हे इथल्या औद्योगिक वसाहतीतला कामगार रोज पाहतो. पण सळईला पूर्वजन्माची आठवण नसते. ती आठवण कोणीतरी वेगळी जपून ठेवावी लागते.

२८/
ती जपायला फार वेळ उरलेला नाही. १९९० साली पंचविशीत असलेला फायरमन २०२५ मध्ये साठ वर्षांचा झाला. त्याच्याहून ज्येष्ठ असलेले ड्रायव्हर आणि फिटर ऐंशीच्या घरात आहेत. कुठल्या रुळावर राखीव इंजिने उभी असत, कंडमचा शेरा कोण मारत असे, जोडदांडे कुठे टाकत, रात्री पहारा कोणाचा असे : ही उत्तरे बहुतांशी त्यांच्याच स्मरणात आहेत. पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबादच्या रेल्वे कॉलन्यांत राहिलेल्या कुटुंबांकडे जुने अल्बम असतील, ड्युटीच्या वह्या असतील. घर आवरताना त्या रद्दीत जातात, आणि इंजिने भंगारात गेल्यानंतरचे हे दुसरे भंगार कोणत्याही धोरणाने लादलेले नाही.

२९/
म्हणून काम याच क्रमाने व्हावे. आधी माणसांना भेटावे, त्यांच्या परवानगीने बोलणे नोंदवावे, तारखेसह. मग अल्बममधली छायाचित्रे जागीच प्रत काढून परत करावीत. मग कागदावर रुळांचा आराखडा काढून तो त्याच माणसांपुढे ठेवावा. चूक असेल तिथे त्यांचे बोट आपोआप पडते. सनबोर्ड आणि फेव्हिकॉल त्यानंतर. असा देखावा पूर्ण होईल तेव्हा त्याच्यासोबत नोंदींची एक वहीही तयार झालेली असेल, आणि वही देखाव्याहून अधिक काळ टिकेल.

३०/
धावणारे इंजिन दाखवू नये, असे इथे कोणी म्हणत नाही. मनमाड–काचीगुडा अजंता एक्सप्रेसचाही देखावा व्हावा, जरूर व्हावा. पण शेवट गाळून सांगितलेली गोष्ट ही जाहिरात असते. मराठवाड्याला मीटर गेज दिली गेली ती स्वस्तात भागवण्यासाठी; ती गेली ती मराठवाड्याने मागणी केल्यामुळे; आणि मधल्या काळात देशाने बांधलेली हजारो तरुण इंजिने अकाली थंड झाली. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. जालन्यात यंदा सुट्टीत कोणी देखावा करणार असेल, तर त्याने कापसाचा धूर बाजूला ठेवून सहा थंड इंजिनांपासून सुरुवात करावी.

(थ्रेड समाप्त)